गंजाचे ठसे

आमच्या घरात माझ्यासाठी एक वेगळा पंचा होता. दारामागच्या खुंटीवर, अण्णांच्या कंपनीच्या शर्टाखाली तो लटकलेला असायचा. पुस्तक उघडायचं म्हटलं की आधी पंचा, पाहुणे आले की पंचा, देवापुढची आरतीची थाळी हातात घ्यायची तरी पंचा. आई शिलाई मशीनवर पाठमोरी बसलेली असायची, पण माझ्या पावलांवरूनच तिला कळायचं. "मने, आणखी किती पुसशील? कातडी निघंल," असं ती मान न वळवता म्हणायची. पंचा दुपारपर्यंत ओला होई, मग तो वाळत टाकून आई मला तिच्या जुन्या साडीचा तुकडा फाडून देत असे.

घाम म्हटला की लोकांना उन्हाळा आठवतो. माझ्या तळव्यांना उन्हाळा-हिवाळा कळत नव्हता. ऐन थंडीत, अंगात दोन स्वेटर चढवलेले असतानाही तळव्यावर मोहरीएवढे थेंब उगवायचे, बघता बघता एकमेकांत मिसळायचे आणि बोटांच्या टोकांवरून फरशीवर ठिपके पडायचे. पायांचंही तेच. चपलेतून पाय सटकायचा, फरशीवर माझ्या पावलांचे ओले माग उठायचे आणि लपाछपीत मी कुठे लपलेय ते कोणीही सांगायचं. हात गार असायचे, बेडकाच्या पोटासारखे. झोपेत मात्र ते कोरडे होत, असं आई सांगायची. मी झोपले की ती तळवे चाचपून बघायची. सकाळी मला म्हणायची, "रात्री चांगले होते की गं," जणू काही रात्रीतून ते बरे झाले होते आणि उठल्यावर मीच त्यांना पुन्हा बिघडवलं होतं.

आम्ही बीडकडचे. अण्णा पिंपरीतल्या एका कंपनीत लेथवर टर्नर होते. आमचं बिऱ्हाड जुन्या गावठाणाच्या कडेला, हौसाबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत होतं. हौसाबाईंची शेती कधीकाळी तिथे होती, पुढे त्यावर कारखाने उभे राहिले आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी आमच्यासारख्यांसाठी खोल्या बांधल्या. त्या घरातल्या आवाजांवर मी मोठी झाले. पहाटे पहिल्या शिफ्टचा भोंगा, मग लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलचा खडखडाट, मग आईच्या मशीनची टकटक आणि त्यावर हौसाबाईंचा आवाज, जो कोणत्याही भोंग्याला भारी पडला असता. जेवण मात्र बीडचंच राहिलं. गावाहून येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ, यायचं, त्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी असली की अण्णा दुसरं काही मागत नसत. भाकरी मी लहानपणीच थापायला शिकले. पण पिठाला हात लागला की ते हाताशी चिकटून बसायचं, मी आणखी पीठ घ्यायचे, तेही ओलं व्हायचं. एकदा आमच्या चुलतीनं ते बघितलं आणि त्या दिवशी तिनं नुसता भात खाल्ला. आईनं तिच्या ताटातली भाकरी उचलली आणि स्वतःच्या ताटात ठेवली.

आई ब्लाऊज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. तिला मदत करायची मला भारी हौस होती, पण रेशमाला हात लावायची मला बंदी होती. रेशमावर पाण्याचा थेंब पडला की वाळल्यावर कडेनं डाग राहतो. मी हुक लावून द्यायचे, तेही सुती ब्लाऊजांना. माझ्या हातातल्या सुया गंजायच्या. आई त्या राखेनं घासायची आणि पुन्हा मलाच द्यायची.

नागपंचमीला हौसाबाईंच्या अंगणात पोरी जमायच्या. फुगडी मला फार आवडायची. आता आठवलं तरी पाय शिवशिवतात. पण फुगडीचं सगळं हातांवर असतं. हातात हात अडकवून मागे रेलायचं आणि समोरचीनं धरून ठेवलंय या भरवशावर फिरायचं. मी परकराला हात पुसून, ओंजळीत माती चोळून तयार असायचे. एका वर्षी हौसाबाईंची नात छबी माझ्याबरोबर होती. आम्ही जोरात फिरत होतो, पोरी गाणं म्हणत होत्या, आणि माझ्या हातातून तिचे हात साबणाच्या वडीसारखे निसटले. ती मागे धुण्याच्या दगडावर आपटली. हनुवटी फुटली, रक्त आलं. मी जागच्या जागी उभी राहिले. हातातली माती चिखल होऊन मनगटापर्यंत ओघळलेली होती.

हौसाबाईंनी छबीच्या हनुवटीवर हळद दाबली, तिला सुनेच्या हाती दिलं आणि माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले.

"ह्ये आसंच गळत्यात व्हय गं कायम?"

मी मान हलवली.

"मंग तुजा काय गुन्हा हाय त्यात? पोर पडली, पोरी पडत्यातच." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "पन आता फुगडी नगं घालत जाऊ, बाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. पुढच्या नागपंचमीला मी पायरीवर बसून नुसतं गाणं म्हटलं.

उपाय तेव्हापासूनच सुरू झाले, म्हणजे आईच्या मनानं. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसायचं. चहाची पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात बसायचं. कोणी सांगितलं म्हणून बटाट्याच्या चकत्या चोळायच्या. मावशीनं गावाकडून बाभळीची साल धाडली. तिचा काढा करून त्यात महिनाभर हात भिजवले, तर तळवे चांभाराकडच्या कातड्यासारखे तपकिरी झाले आणि त्या तपकिरी रंगातून घाम पूर्वीसारखाच यायला लागला. शाळेत बाईंनी विचारलं, हात का धूत नाहीस. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या माझ्या हातावर विरघळायच्या, म्हणून बाटलीच्या झाकणातून तोंडात टाकाव्या लागत. प्रत्येक नव्या उपायाच्या पहिल्या दोन दिवसांत आई आणि मी एकमेकींकडे बघून म्हणायचो, कमी वाटतंय ना जरा? दोघींनाही ठाऊक असायचं.

दहावीच्या आधी मात्र अण्णांनी रजा टाकली आणि मला चिंचवडला स्टेशनजवळ एका त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. परीक्षेत माझी उत्तरपत्रिका हाताखाली भिजायची, शाई पसरायची. मनगटाखाली रुमाल ठेवून मी लिहायचे आणि पान उलटताना ते फाटायचं. डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी माझा हात हातात घेतला. तोपर्यंत कोणत्याही अनोळखी माणसानं आपणहून तो घेतलेला नव्हता. हा आजार नाही, म्हणाले, घामाच्या नसा जास्त जोरात काम करतात, एवढंच. मग त्यांनी अण्णांना विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे का असं? वडिलांकडे, आईकडे?"

"नाही," अण्णा म्हणाले. "कोणालाच नाही."

त्यांनी एक औषध दिलं. झोपताना हात पूर्ण कोरडे करून लावायचं. हीच तर मेख होती. आई वर्तमानपत्रानं वारा घालायची, मी हात पसरून बसायचे, आणि बाटलीचं बूच उघडेपर्यंत थेंब हजर व्हायचे. झोपेत लावून बघितलं, तर त्याच्या गार स्पर्शानं मला जाग यायची आणि तळवे पुन्हा ओले. ओल्या हाताला ते औषध लागलं की आग आग व्हायची, मिरची कुटल्यासारखी. कातडीला भेगा पडल्या, घाम त्या भेगांतून झोंबायला लागला. मग गोळ्या आल्या. गोळ्यांनी हात अर्धेमुर्धे सुकले, पण त्याबरोबर तोंडही सुकलं. भाकरीचा घास घशाखाली उतरेना, फळ्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. परीक्षा तोंडावर होती. अण्णांनी गोळ्यांची पट्टी उचलून कपाटावर ठेवली.

नंतर एका मोठ्या दवाखान्यात विजेचा उपचार मिळतो असं कळलं. पाण्यानं भरलेल्या दोन पसरट तबकांत हात ठेवायचे, तबकांना वायर जोडलेल्या, आणि हलका करंट सोडायचा. मनगटापर्यंत मुंग्यांची रांग चढल्यासारखं वाटायचं. आई दारात उभी राहून रामरक्षा म्हणायची. खरं सांगायचं तर त्यानं फरक पडला. काही आठवडे मी हातात पोथीसुद्धा धरली. पण उपचार थांबवला की घाम परतायचा, आणि कॉलेज सोडून दर दोन दिवसांनी तिथं जाऊन बसणं जमेना. तोवर मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला गेले होते. ती अण्णांची इच्छा. "मी आयुष्यभर मशीनच्या ह्या बाजूला उभा राहिलो," ते म्हणायचे, "तू त्या बाजूला बस, जिथं मोजमाप करायलेत." ड्रॉइंगच्या शीटवर मी टीपकागद पसरून त्यावर हात टेकून रेघा ओढायचे. सगळ्या वर्गाच्या शीट सरळ असायच्या, माझी पापडासारखी लाटा लाटांची. तरी मी पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले, आणि चाकणला नोकरी लागली.

कंपनीची बस नाशिक फाट्याला यायची. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल, आणि चाकण जवळ आलं की बाजारातल्या कांद्याचा वास खिडकीतून आत. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अजून शेतं दिसायची आणि त्यांच्यामधून पत्र्याच्या नव्या शेड उगवत होत्या. आमच्या कंपनीत बेअरिंगच्या रिंगा बनायच्या. मी फायनल इन्स्पेक्शनला होते. पांढऱ्या टेबलावर ट्यूबलाइटखाली आम्ही चार-पाच मुली बसायचो, आरशासारख्या रिंगा हातात घेऊन गेजवर तपासायचो, तेलात बुडवून पुढे द्यायचो. सगळ्यांना सुती हातमोजे असत. माझे हातमोजे अर्ध्या तासात पिळून काढण्याजोगे व्हायचे. मी त्यांच्या आत रबरी मोजे घालायला लागले, तर मनगटातून पाण्याची धार निघायची आणि बोटं दिवसभर भिजल्यानं पांढरी, सुरकुतलेली व्हायची. हजेरीचं अंगठ्याचं मशीन मला ओळखायचं नाही. वॉचमन रोज म्हणायचा, "मॅडम, अंगठा पुसून लावा," आणि मागे रांग वाढत जायची. तरीही ते माझे आनंदाचे दिवस होते. अण्णा कंपनीतून येऊन आंघोळ केली की मला समोर बसवायचे आणि विचारायचे, आज किती रिजेक्ट काढलेस? कोणत्या मशीनचा माल होता? मी सांगायचे, ते मान डोलवत राहायचे.

मग एक दिवस माल परत आला. आमचे क्वालिटीचे साहेब, साळवेसर, यांनी आम्हा सगळ्या मुलींना त्यांच्या केबिनबाहेरच्या टेबलाशी बोलावलं. टेबलावर कागद पसरून त्यावर रिंगा मांडलेल्या होत्या. त्या चकचकीत पृष्ठभागावर लालसर तपकिरी डाग होते. जवळून बघितल्यावर ते डाग नव्हते. बोटांचे ठसे होते. त्यातली एकेक रेघ दिसत होती, शाईत बोट बुडवून उमटवावी तशी. तेलाच्या खाली, गिऱ्हाईकाच्या गोदामात बसून बसून ते ठसे गंजले होते.

साळवेसर म्हणाले, "हे कोणाच्या तरी हातामुळे झालंय. कोणाच्या हे मला शोधायला लागेल. घाबरू नका, शिक्षा वगैरे काही नाही."

त्यांनी पॉलिश केलेल्या पोलादाच्या चपट्या पट्ट्या आणवल्या, हाताएवढ्या रुंद. प्रत्येकीनं मोजे काढून आपल्या पट्टीवर तळवा दाबायचा, मागे नाव लिहायचं. माझी पाळी आली तेव्हा मी ओढणीला हात इतका घासला की तो लाल झाला. पट्टीवर टेकवून उचलला तर तळ्यासारखं पाणी साचलेलं. पट्ट्या एका बंद दमट कपाटात ठेवल्या गेल्या.

कपाट उघडलं त्या दिवशी सर्वांसमोरच उघडलं. बाकीच्यांच्या पट्ट्यांवर पुसट ढग होते, काहींवर तेही नाही. माझ्या पट्टीवर माझा अख्खा हात उमटला होता. पाचही बोटं, करंगळीची वाकडी रेघ, तळव्यावरची आयुष्याची रेषा, सगळं विटकरी रंगात, जणू कोणी कुंकवाचा हात भिंतीवर उमटवावा तसं. माझ्या शेजारी बसणारी रेश्मा मला हसवायला म्हणून हळूच म्हणाली, "अगं, यात तर भविष्यसुद्धा बघता येईल तुझं." मग तिचं तिलाच कसंतरी झालं. तिनं माझा दंड धरला.

साळवेसरांनी मला आत बसवून चहा मागवला. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत होते.

"मॅडम, तुमचं काम मला माहितीये. तुमच्यासारखी नजर इथे कोणाची नाही. पण मी काय करू, तुम्हीच सांगा. मी तुम्हाला मालाला हात लावू देऊ शकत नाही."

"सर, मी डबल मोजे घालते."

"घालताच की. त्यातूनच झालंय हे. सध्या स्टोअरमध्ये बसा. काही इलाज होत असेल तर बघा, मी जागा धरून ठेवतो."

त्यांच्यावर रागवता आलं असतं तर बरं झालं असतं. रागवण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं. कोणीच केलं नव्हतं. हातसुद्धा माझे होते, आणि तेही काही मुद्दाम करत नव्हते.

घरी मी तीन-चार दिवस काही बोलले नाही. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर अण्णांनी नेहमीसारखं विचारलं, रिजेक्ट किती. मी सांगून टाकलं. पट्टीचं, हाताचं, स्टोअरचं. आईचं मशीन थांबलं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी पाय जवळ घेतले.

"कशाला रडायलीस," आई म्हणाली, पण तिचाही आवाज फुटला होता.

अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "माझा बी असाच उमटला होता."

मला कळलं नाही.

"नवीन होतो तवा. फोरमननं मला लेथवरून काढून इन्स्पेक्शनला बसवायचं ठरविलं. स्वच्छ काम, खुर्ची, पंखा. मी पोलादाचा एक तयार जॉब हातात घेतला, ठेवला. दुसऱ्या दिवशी बघायलोय तर त्याच्यावर माझं बोट, गंजलेलं. मी तो जॉब भंगारात टाकला आन् फोरमनला सांगितलं, मला लेथच बरा." त्यांनी दोन्ही तळवे वर केले. आयुष्यात पहिल्यांदा मी ते नीट बघितले; घरात त्यांच्या हातात कायम रुमाल असायचा, तो कशासाठी हे मी कधी विचारलं नव्हतं. ते ओले होते, चमकत होते. "मशीनवर कूलंटचं पाणी उडायलेलं असतंय, तेल असतंय. तिथं कोणाला कळतंय, हात कशानं ओला हाय ते."

"मग डॉक्टरांना नाही का म्हणालात, अण्णा?"

"हो म्हणलो असतो तर तू विचारली असतीस, तुमचं कसं बंद झालं. झालंच नाही ना बंद. काय सांगणार होतो तुला?"

आईनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "मला लग्नातच कळलं होतं," ती म्हणाली. "हातात हात दिला तवा. मला वाटलं, घाबरलेत बिचारे." आणि आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्यात अण्णांचे डोळे भरून आले, ते उठून बाहेर नळावर गेले आणि उगीचच हात धूत राहिले.

त्यानंतर ऑपरेशनचा विषय अण्णांनीच काढला. चिंचवडच्या डॉक्टरांनी पूर्वी एकदा त्याबद्दल सांगितलं होतं, शेवटचा उपाय म्हणून. काखेत दोन्ही बाजूंनी छोटी भोकं पाडून छातीतली नस तोडायची. पुण्याच्या सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. हात जवळपास नक्की कोरडे होतील, ते म्हणाले. पण तो घाम दुसरीकडून येऊ शकतो, पाठीवर, पोटावर. काहींना थोडा येतो, काहींना जास्त. कोणाला किती, ते आधी सांगता येत नाही. त्यांनी काहीही लपवलं नाही, हे मला इथे नोंदवलं पाहिजे. आम्हीच फक्त पहिलं वाक्य ऐकलं. पाठीचं काय, पाठीवर तर शर्ट असतो, असं अण्णा बसस्टॉपवर म्हणाले. मलाही ते पटलं. पाठ काही रिंगांना लागत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा छातीत ठणका होता, श्वास घेताना टोचत होतं, आणि माझे हात उबदार होते. ती ऊब मला माझी वाटेचना. मी एका हातानं दुसरा हात चोळला, तर सरसर आवाज आला, कागदासारखा. आई रडायला लागली. अण्णांनी माझा तळवा घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवत राहिले, एखाद्या जॉबचं फिनिशिंग बघावं तसे. घरी आल्यावर आईनं कोणाच्या तरी शालूची घडी माझ्या मांडीवर टाकली. "घे, लाव हात," ती म्हणाली. मी लावला. दोन्ही हातांनी लावला, गालालाही लावला. हौसाबाई पेढे घेऊन आल्या. छबी तोवर लग्न होऊन माहेरपणाला आली होती, कडेवर मूल होतं, हनुवटीवर तो पांढरा व्रण. तिनं मूल हौसाबाईंकडे दिलं आणि अंगणात माझ्याशी फुगडी घातली. टाके ओढत होते म्हणून चारच फेरे झाले.

साळवेसरांनी जागा खरंच धरून ठेवली होती. माझी पट्टी पुन्हा कपाटात गेली आणि स्वच्छ बाहेर आली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. हिवाळ्याचे दिवस होते.

फाल्गुन लागला आणि एका दुपारी मला वाटलं, कोणीतरी माझ्या मानेवर पाणी ओतलं. वर बघितलं, छत कोरडं होतं. पाठीच्या कण्यावरून धार खाली उतरत होती. पोटावरून, मांड्यांवरून, गुडघ्यांच्या मागून. चेहरा कोरडा, हात कोरडे ठणठणीत, आणि गळ्याखालचं सगळं अंग आंघोळ केल्यासारखं. कंपनीचा शर्ट राखाडी होता. ओला झाला की काळा दिसायचा. मी दुसरा शर्ट नेऊ लागले, मग तिसरा. चैत्रात ती वेळ आली. आमच्या टेबलांना रेक्झिनच्या खुर्च्या होत्या. मी चहाला उठले, तेवढ्यात मेंटेनन्सचा एक मुलगा ट्यूब बदलायला आला आणि माझ्या खुर्चीवर टेकला. लगेच उठला. "पाणी सांडलंय राव इथं," तो पँट झटकत म्हणाला. सगळ्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रेश्मानं मुकाट्यानं फडकं घेतलं आणि खुर्ची पुसली. ती पुसत होती आणि मी कोरडे हात घेऊन उभी होते.

आता चाळिशी उलटली. माझ्या कपाटात फक्त गडद रंग आहेत, निळा, काळा, जांभळा, आणि हाताला मी मलई चोळते, इतके ते कोरडे पडतात. पुष्कळांना त्या ऑपरेशननं सुख मिळालं असेल, मिळालंच असेल. माझ्यासारखे हात असलेली एखादी मुलगी भेटते, विचारते, करू का. मी तिला काहीच सांगू शकत नाही. तिचा हात हातात घेऊन बसते, एवढंच.

खुर्चीच्या त्या प्रसंगानंतर मी आणि अण्णा पुन्हा पुण्याला गेलो. सर्जननी माझं सगळं ऐकून घेतलं, पाठ बघितली. पावडर, गोळ्या, सैल सुती कपडे, असं काही सांगत राहिले. अण्णा मध्येच म्हणाले, "साहेब, ती नस परत जोडता येत नाही का? म्हणजे पहिल्यासारखं? हातच गळू देत. हाताचं आम्हाला ठाऊक हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तोडलेली नस जोडता येत नाही, काका."

"माझी घालता येत असंल तर..."

"नाही, काका."

अण्णांनी मान हलवली, उठले, डॉक्टरांना नमस्कार केला. बाहेर आलो. ऊन रणरणत होतं. पिंपरीची बस स्टॉपवर उभीच होती, दुपारची म्हणून जवळजवळ रिकामी. आम्ही चढलो. मी मागच्या दाराजवळचा दांडा धरून उभी राहिले. कुर्ता पाठीला चिकटला होता, सलवारही. बसले असते तर उठल्यावर सीटवर माझा माग राहिला असता आणि नंतर चढणाऱ्या कोणीतरी तो बघितला असता. अण्णा एका सीटपाशी गेले, बसायला वाकले, आणि वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. थोडा वेळ बघितलं. मग ते परत आले आणि माझ्या शेजारी दांडा धरून उभे राहिले.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. "बसा की काका, सगळ्या सीटा मोकळ्या हायेत."

"असू द्या," अण्णा म्हणाले.

खडकी गेली, दापोडी गेली, कासारवाडी गेली. दोन ठिकाणी ब्रेक लागला तेव्हा ते माझ्यावर रेलले आणि सावरले. त्या वयात त्यांचे गुडघे दुखायचे. मी म्हटलं, अण्णा, बसा ना. त्यांनी ऐकू न आल्यासारखं खिडकीबाहेर बघितलं. त्यांचा हात दांड्यावरून सारखा घसरत होता, ते पुन्हा पुन्हा वर घेऊन धरत होते, आणि अशी ती रिकामी बस आम्हा दोघांना उभ्यानं पिंपरीपर्यंत घेऊन आली.